काच मानवलेले शार्क

१९८० च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात पांढऱ्या शार्कची एक अल्पवयीन मादी आणली. तिचं नाव ठेवलं सँडी. टाकी कड्यासारखी गोल होती, म्हणजे कोपऱ्यात अडकायची भीती नाही. पण फेरी मारता मारता एका ठरावीक जागी पोचली की सँडी बिचकायची आणि भिंतीला धडकायची. तिथे डोळ्याला खटकेल असं काहीच नव्हतं. अखेर विजेची मापं घेतली तेव्हा त्या जागी जेमतेम एक अष्टमांश मिलिव्होल्टचा फरक सापडला. साधा पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा हा बारा हजारावा भाग. काही दिवसांतच सँडीला फॅरालॉन बेटांजवळ समुद्रात सोडून दिलं.

शार्कच्या नाकाडावर सुईच्या टोकाने टोचावीत तशी बारीक छिद्रं असतात. त्यांच्यामागे चिकट जेलीने भरलेल्या नळ्या असतात, त्यांना लॉरेन्झिनीच्या कुप्या म्हणतात. वाळूत दडलेल्या माशाचे स्नायू हलले, हृदय धडधडलं, की उमटणारी अत्यंत क्षीण वीज या कुप्या टिपतात. समुद्रात हे वरदान आहे. पण टाकीत पंप असतात, तारा असतात, आणि खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की त्यांची आपोआप बॅटरी होते. आपण काचेतून निळं शांत पाणी बघतो, शार्कला तिथे गोंगाट जाणवत असू शकतो.

मत्स्यालयात गेल्यावर ‘शार्क बघितले’ असं आपण म्हणतो, ते अर्धवट खरं आहे. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत आणि पाकटांच्या, म्हणजे रे माशांच्या, त्याहूनही जास्त. त्यातल्या काच मानवलेल्या थोड्याच जाती आपल्याला दिसतात. कुणाला मानवते आणि कुणाला नाही, हे ठरवण्यात श्वासाचा वाटा मोठा आहे.

नर्स शार्क, बांबू शार्क, झेब्रा शार्क तळाशी निवांत पडून राहतात आणि गालांची उघडझाप करून कल्ल्यांवर पाणी ओढतात. पाकटांनी तर आणखी सोय करून घेतली आहे. तोंड खाली वाळूत, म्हणून डोळ्यांमागच्या छिद्रांतून ते वरचं स्वच्छ पाणी आत घेतात. (काचेला चिकटलेल्या पाकटाच्या पोटाकडचा जो हसरा चेहरा पाहून मुलं खूश होतात, त्यातले ‘डोळे’ म्हणजे नाकपुड्या असतात. खरे डोळे पाठीवर.) अशा जातींना टाकी लहान असली तरी गुदमरायला होत नाही. पांढरा शार्क, माको, निळा शार्क यांचं तसं नाही. तोंड किंचित उघडं ठेवून पुढे पोहत राहायचं, म्हणजे पाणी आपसूक कल्ल्यांवरून वाहतं. थांबलं की श्वास थांबला. शिवाय अशा शार्कची पोहण्याची रीत म्हणजे शेपटीचे दोन-चार फटकारे आणि मग लांब तरंगत जाणं. त्या तरंगण्यातच त्याची विश्रांती असते. टाकी आखूड असेल तर तरंगायला सुरुवात होते न होते तोच भिंत येते, पुन्हा वळा, पुन्हा शेपटी मारा. लांबून बघणाऱ्याला तो डौलदार पोहताना दिसतो, प्रत्यक्षात तो दमत असतो.

मग उघड्या पाण्यात सतत पोहणारा, दात विचकलेला, अगदी ‘शार्क’ दिसणारा असा जो एक जगभरच्या मत्स्यालयांत हमखास भेटतो तो कोण? तो सँड टायगर शार्क. माझ्या मते मत्स्यालयांच्या दुनियेतला हा सगळ्यात कसलेला नट. तोंड मिटलं तरी वेडेवाकडे दात बाहेर, नजर थंड, आणि स्वभाव मात्र बराचसा सुस्त. शार्कला हाडांच्या माशांसारखी हवेची पिशवी नसते. तेलाने भरलेलं मोठं यकृत त्याला हलकं ठेवतं. सँड टायगरने त्यावर ताण केली आहे. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, ती पोटात धरून ठेवतो आणि पाण्यात जवळजवळ जागच्या जागी लटकतो. म्हणूनच त्याला टाकी सोसते. त्याच्या सुस्तपणावर जाऊ नका, हा जन्माआधीच शिकारी असतो. मादीच्या दोन गर्भाशयांपैकी प्रत्येकात सगळ्यात मोठं झालेलं पिल्लू बाकीच्या भावंडांना खाऊन टाकतं. शेवटी जन्मतात दोनच, पण चांगली मीटरभर लांबीची.

टाकीतले बाकीचे मासे त्याच्या तावडीतून सुटतात कसे, हा प्रश्न प्रत्येक काचेपुढे कुणीतरी विचारतंच. उत्तर साधं आहे: त्याचं पोट भरलेलं असतं. आठवड्यातून दोन-तीनदा खाणं मिळालं तरी त्याला पुरतं. अनेक ठिकाणी शार्कना विशिष्ट रंगाची किंवा आकाराची पाटी ओळखायला शिकवतात. आपली पाटी दिसली की तिथे यायचं, चिमट्यातला मासा घ्यायचा आणि निघायचं. त्या माशाच्या कल्ल्यात जीवनसत्त्वाची गोळी खुपसलेली असते, कारण गोठवलेल्या माशातली काही जीवनसत्त्वं टिकत नाहीत. एवढं करूनही टाकीतल्या काही सँड टायगरांचे कणे वाकडे होतात. जीवनसत्त्व क आणि जस्ताची कमतरता, पकडताना बसलेला मार, वर्षानुवर्षं एकाच दिशेने मारलेल्या फेऱ्या, अशी कारणं सांगितली जातात.

पाण्याची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. टाकीतल्या शार्कच्या गळ्याखाली कधी कधी गाठ येते. ते चक्क गलगंड असतं, माणसाला आयोडीन कमी पडल्यावर होतं तेच. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं, मग टाकीत ते कुठे जातं? माशांच्या विष्ठेतून साठत जाणारं नायट्रेट थायरॉइडला आयोडाइड घेऊ देत नाही. त्यातच पाणी निर्जंतुक करायला ओझोन सोडला तर तो आयोडाइडचं अशा रूपात रूपांतर करतो की ते शार्कच्या कामाचं राहत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि मासा आजारी. दुसरीकडे, इतर माशांच्या त्वचेवरचे परजीवी मारायला सर्रास वापरलं जाणारं तांब्याचं औषध शार्क-पाकटांना विषासारखं बाधू शकतं. त्यामुळे त्यांच्या टाकीत ते जपूनच वापरावं लागतं.

इतकं सगळं शिकूनही पांढऱ्या शार्कने दाद दिली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे मत्स्यालयाने २००४ मध्ये पुन्हा प्रयत्न केला. मच्छीमारांच्या जाळ्यात चुकून सापडलेली एक पिल्लू-मादी आधी समुद्रातच उभारलेल्या मोठ्या जाळीघरात ठेवली. ती स्वतःहून खाते आहे याची खात्री झाल्यावरच तिला टाकीत आणलं. तोवरचा विक्रम १६ दिवसांचा होता. ही १९८ दिवस राहिली, २८ किलोची ७३ किलो झाली. मग तिने टाकीतल्या दोन सूपफिन शार्कचा जीव घेतला आणि ३१ मार्च २००५ रोजी तिला समुद्रात सोडण्यात आलं. २०११ पर्यंत अशी एकूण सहा पिल्लं तिथे ठेवली गेली. शेवटचं सोडल्यावर थोड्याच वेळात मेलं आणि त्यानंतर हा प्रयोग थांबला. २०१६ मध्ये जपानच्या ओकिनावा चुराउमी मत्स्यालयाने साडेतीन मीटरचा नर टाकीत ठेवून पाहिला, तो तीन दिवसांत गेला. या बाबतीत आता उत्तर मिळालेलं आहे, असं मला वाटतं.

त्याच चुराउमीत ७,५०० घनमीटरची टाकी आहे, पुढची पारदर्शक भिंत ६० सेंटिमीटर जाड. तिथला जिंता नावाचा व्हेल शार्क १९९५ पासून मत्स्यालयाकडे होता. टाकी दहा मीटर खोल आहे, त्यामुळे त्याच्याएवढा प्रचंड मासाही उभा राहून, तोंड वर करून खाऊ शकतो. २००७ मध्ये तिथे मांटा पाकटाचं पिल्लू जन्मलं, मत्स्यालयातलं पहिलंच. मिलनाची तारीख माहीत असल्यामुळे गर्भकाळ किती ते नेमकं कळलं: ३७४ दिवस. पंख गुंडाळलेल्या चटईसारखं ते बाहेर आलं आणि लगेच उलगडलं. मात्र काही दिवसच जगलं.

माझ्या लेखी टाक्यांनी उघड केलेली सगळ्यात अजब गोष्ट मात्र फार छोट्या शार्कमुळे कळली. अमेरिकेत ओमाहाच्या हेन्री डोरली प्राणिसंग्रहालयात बॉनेटहेड जातीच्या तीन माद्या होत्या. पिल्लं असतानाच पकडलेल्या, नराशी कधी गाठ नाही. डिसेंबर २००१ मध्ये टाकीत एक पिल्लू दिसलं. लवकरच टाकीतल्या पाकटाने ते मारलं, पण ऊती जपून ठेवल्या होत्या. २००७ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झालं की त्या पिल्लाला बाप नव्हता. अंडपेशी तयार होताना बाजूला पडणारी एक चिमुकली पेशी पुन्हा अंडपेशीत मिसळते आणि शुक्राणूची जागा भरून काढते. अशी पिल्लं मादीच असतात. समुद्रात हे कुणाच्या लक्षात आलं नसतं, कारण तिथे कुठलीच मादी वर्षानुवर्षं एकटी आहे याची खात्री देता येत नाही. पुढे २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या रानटी करवत माशांतही बिनबापाची पिल्लं सापडली. अर्थात, प्रत्येक फुगलेलं पोट हा चमत्कार नसतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या मत्स्यालयातलं एकटं पाकट ‘गरोदर’ असल्याची बातमी जगभर गाजली. पिल्लं झालीच नाहीत, तिला प्रजनन संस्थेचा आजार निघाला.

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या रीफ एचक्यू मत्स्यालयात लिओनी नावाची झेब्रा शार्क होती. झेब्रा शार्क तळाशी पडून राहणाऱ्यांतले. काच त्यांना इतकी मानवते, की लिओनीची पिल्लावळ आवरायला २०१२ मध्ये तिला नरापासून वेगळं करावं लागलं. २०१६ मध्ये तिच्या अंड्यांतून तीन पिल्लं निघाली, बापाशिवाय. आधी नराबरोबर प्रजनन केलेल्या मादीने असा मार्ग बदलल्याची शार्कमधली ही पहिली नोंद.

याच जातीची इंडोनेशियाच्या राजा अंपात बेटांभोवती वाताहत झाली होती. १५,००० तासांहून जास्त पाण्याखालच्या पाहणीत तिथे जेमतेम तीन दिसले. टाक्यांत मात्र अंड्यांना तोटा नव्हता. म्हणून डीएनए तपासून त्या भागातल्या वंशाशी जुळणाऱ्या माद्यांची अंडी निवडली आणि ऑगस्ट २०२२ पासून ती विमानाने सिडनीहून राजा अंपातला जाऊ लागली. तिथल्या उबवणुकीत पिल्लांना सांभाळणाऱ्यांना ‘शार्क नॅनी’ म्हणतात. त्यांचं काम म्हणजे पिल्लांना खाऊ घालणं, मोजणं आणि समुद्रात टिकतील इतकी मोठी करणं. जानेवारी २०२३ मध्ये त्यातली पहिली दोन पिल्लं, चार्ली आणि कॅथलिन, समुद्रात सोडली गेली.