हसऱ्या तोंडाचा उपाशी ॲक्सोलॉटल

ॲक्सोलॉटल म्हणजे टँकमध्ये पाळला जाणारा, बेडकाचा शेपटीवाला पाणवासी नातलग. त्याच्या तोंडाची ठेवणच अशी की तो कायम हसतोय असं वाटतं, आजारी असला तरी हसतोच. त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे आपल्याला कळतं ते बहुतेक वेळा त्याने गांडुळाकडे पाठ फिरवल्यावरच. मग आपण खाणं बदलून बघतो, आणखी टाकतो, ते टँकमध्ये कुजतं, आणि भूक होती नव्हती तीही जाते. माझं म्हणणं, खाण्याला हात लावायच्या आधी पाणी तपासा.

आता माझा आवडता भाग, थोडी केमिस्ट्री सहन करा. प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन आपण युरिया करून लघवीतून टाकतो. हा प्राणी पाण्यातच असतो, तो बराचसा नायट्रोजन सरळ अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून सोडून देतो. रक्तात अमोनिया जास्त, पाण्यात कमी, म्हणून तो उतारावरच्या पाण्यासारखा आपसूक बाहेर जातो. टँकमध्येच अमोनिया साठला की हा उतार संपतो आणि स्वतःची घाण स्वतःच्याच अंगात तुंबते. अशात कोण जेवणार?

पण सगळा अमोनिया सारखा नसतो बरं का. एक साधा, विद्युतभार नसलेला, तो कल्ल्यांतून सहज आरपार जातो, विषारी खरा हाच. दुसरा अमोनियम, एक जास्तीचा प्रोटॉन चिकटलेला, त्याला कल्ल्यांचा पडदा सहजासहजी ओलांडता येत नाही. कोण किती हे पीएच (पाणी किती आम्लारी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आणि तापमान ठरवतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूणातला जेमतेम ०.६ टक्के साधा असतो, पीएच ८ झाला की ५ टक्क्यांच्या वर, आणि तेच पाणी १५ अंशांवर आणलं की जवळपास निम्मा. टेस्ट किट सहसा दोघांची बेरीज दाखवतं, म्हणजे आकडा तोच पण विष नऊपट असू शकतं! म्हणून पीएचही मोजा आणि पाणी १६ ते १८ अंशांवर ठेवा, २४ च्या वर तर नकोच.

अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये राहतात, नव्या टँकमध्ये ते बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला की क्लोरीनमुळे त्यांतले बरेच गेलेच समजा, तो टँकमधून काढलेल्या पाण्यात नुसता पिळा.

आणि हो, "याचे तुटलेले पाय परत उगवतात, भूक काय, आपोआप येईल" असंही ऐकू येतं. पाय उगवणं वेगळं आणि विषात बसून राहणं वेगळं. भूक वाढवणाऱ्या थेंबांनीही पाण्यातला अमोनिया जात नाही.

तर उरलेलं खाणं लगेच काढा, रोज पाव टँक पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तेवढंच गार. धडधाकट मोठा ॲक्सोलॉटल आठवडाभर उपाशी राहिला तरी घाबरू नका. पण अंग सुजलं, कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी दिसली किंवा तो तिरका तरंगायला लागला तर प्राण्यांचा डॉक्टर गाठा. तळाला बारीक खडे असतील तर तेही काढून टाका, हा भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, त्यात खडा गेला की पोट तुंबतं आणि खाणं बंद.

पाणी सुधारलं की संध्याकाळी लाइट बंद करून गांडुळाचा तुकडा चिमट्यात धरा आणि त्याच्या नाकासमोर हळू हलवा. नजर त्याची यथातथाच, पण वास आणि पाण्यातली हालचाल त्याला बरोबर कळते.