बेदाणे व सुकी फळे : घरगुती बेकिंग आणि खाऊ

बिनबियांची द्राक्षे वाळवून केलेला बेदाणा आणि त्याच्या जोडीला येणारी मनुका, खारीक, खजूर, अंजीर, जर्दाळू, सुकेळी (वाळवलेली केळी) ही फळे केक, पाव, बिस्किटे, लाडू, चिवडा अशा घरच्या पदार्थांत कशी वापरली जातात, याची ही नोंद आहे. बोलताना आपण काजू, बदाम, पिस्ते यांनाही ‘ड्रायफ्रूट’ म्हणतो. पण त्यांच्यात तेल भरपूर आणि पाणी नाममात्र असते, त्यामुळे ओव्हनमध्ये त्यांची वागणूक निराळी. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

मराठी घरात बेदाणा बरीच वर्षे शोभेचा मानकरी राहिला. रव्याच्या लाडवावर मधोमध रुतवलेला एक बेदाणा, शिऱ्याच्या मुदीवर चार, नारळीभातात लवंगांच्या सोबतीला मूठभर. केकाच्या पिठात पडला की मात्र तो पाणी ओढतो, साखर सोडतो, आंबटपणा मिसळतो आणि पदार्थ किती दिवस मऊ राहील हेही ठरवतो. घरचा केक बिघडला की दोष सोड्याला किंवा ओव्हनला दिला जातो. पुष्कळदा चूक कोरड्या, न भिजवलेल्या बेदाण्यांची असते.

‘बेदाणा’ हा फारसी शब्द आहे. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘दाना’ म्हणजे बी. ‘किसमिस’ हाही तिकडूनच आला आणि मराठीत त्याचा उच्चार ‘खिसमिस’ झाला. गणपतीच्या खिरापतीत, म्हणजे पंचखाद्यात, ‘ख’ने सुरू होणारे जिन्नस घालायचे असतात. खारीक, खोबरे, खसखस आणि खडीसाखर यांच्या पंगतीत अनेक घरांत बेदाणा बसतो तो या ‘खिसमिस’ नावामुळे. ‘मनुका’ म्हणजे मोठी, काळसर, बहुधा बियांची. दुकानात दोन्ही नावांची सरमिसळ होते, पण बेकिंग करणाऱ्याने हा फरक पाळावा, कारण केकात दाताखाली आलेली बी कोणालाच आवडत नाही.

महाराष्ट्रातील बेदाण्याचे घर म्हणजे सांगली जिल्हा, त्यातही तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळचा पट्टा. सोलापूर जिल्ह्यात आणि शेजारच्या कर्नाटकातील विजयपुरातही तो मोठ्या प्रमाणावर होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मूळ वाण थॉम्पसन सीडलेस. त्यातून शेतकऱ्यांनी निवडून वाढवलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे वाणही येथे वाळवले जातात. तास-ए-गणेशच्या नावातला ‘तास’ तासगावचा आहे. द्राक्षात गोडी पुरेशी भरली की, म्हणजे साखर साधारण २२ ब्रिक्सच्या (रसातील गोडी मोजण्याचे माप) वर गेली की, घड तोडून पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवतात. या दुसऱ्या द्रव्याला शिवारात ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो या द्रावणाने सैल होतो आणि आतले पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग शेडमध्ये नायलॉनच्या जाळीचे मजल्यावर मजले केलेल्या रॅकवर माल पसरतात. वर छप्पर, बाजूंनी वारा. दोनेक आठवड्यांत पाणी सुमारे १५ टक्क्यांवर येते आणि ४ किलो द्राक्षांचा अंदाजे १ किलो बेदाणा होतो. थेट ऊन लागत नाही म्हणून रंग हिरवट राहतो. गंधकाची धुरी दिली की तो पिवळा होतो. याच दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, अवकाळी पाऊस आला तर रॅकवरचा माल काळा पडतो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यात भाव कोसळतो. एक वाटी बेदाण्यामागे एवढी धास्ती उभी असते.

परदेशी कृती वाचताना नावांचा गोंधळ होतो. इंग्लंडच्या कृतीतील ‘सुलताना’ हे त्याच द्राक्षाचे दुसरे नाव. पश्चिम आशियातून निघालेल्या या वाणाला कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसनच्या नावावरून थॉम्पसन सीडलेस म्हणू लागले. तुर्कस्तान आणि ऑस्ट्रेलियातील सुलतानाही अशाच द्रावणात बुडवून वाळवतात. तेव्हा कृतीत सुलताना मागितला असेल तर सांगलीचा बेदाणा निःशंक वापरावा. अमेरिकी कृतीतील ‘रेझिन’ म्हणजे बहुधा न बुडवता उन्हात वाळवलेला गडद बेदाणा. त्याची साल अधिक चिवट आणि चव जळक्या साखरेकडे झुकणारी. त्याऐवजी आपला काळा बेदाणा चालतो. ‘करंट’ म्हणजे ग्रीसकडचे अगदी बारीक काळे द्राक्ष वाळवलेले. ते नसल्यास काळे बेदाणे कातरून घालावेत.

आता पिठात काय घडते ते पाहू. कोरड्या बेदाण्यात १५ टक्के पाणी आणि ओल्या पिठात त्याच्या दुपटीहून अधिक. असा बेदाणा तसाच घातला की तो शेजारच्या पिठातले पाणी शोषतो. केक दुसऱ्याच दिवशी भुरभुरतो आणि बेदाणा तरीही चामट राहतो. म्हणून बेदाणे आधी गरम पाण्यात १५ ते २० मिनिटे भिजवावेत, निथळून कापडावर कोरडे टिपावेत. पाण्याऐवजी संत्र्याचा रस किंवा कोरा चहा वापरला तर चव वाढते. गोव्यात, वसईत आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या केकासाठी फळे काही आठवडे आधीच रममध्ये मुरत घालतात. त्यामागेही हेच तत्त्व आहे : फळाची तहान पिठात जाण्याआधी भागलेली बरी. दारू नको असेल तर रसात भिजवून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवावे. रसात फळे आठवडे टिकत नाहीत, आंबतात.

बेदाणे तळाला बसतात ही सर्वांचीच तक्रार. कारण साधे आहे. बेदाणा पिठाहून जड असतो आणि पीठ तापले की घट्ट होण्याआधी थोडा वेळ आणखी पातळ होते. तेवढ्यात तो खाली उतरतो. बेदाण्यांना मैदा चोळण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. त्याने भिजल्या बेदाण्याचा ओलसरपणा जातो आणि पीठ त्याला धरते, पण पीठच पातळ असेल तर मैद्याचा उपयोग होत नाही. खरा उपाय म्हणजे पीठ चमच्यावरून जाड, तुटक पडेल इतके दाट ठेवणे आणि मोठे बेदाणे अर्धे कातरणे. कुकरमध्ये शिट्टी आणि रबर काढून, वाळू किंवा मीठ घालून केक करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. तिथे आच खालून येते आणि बसलेले बेदाणे भांड्याला चिकटून कडू होतात. भांड्यात आधी तीन-चार चमचे बिनबेदाण्याचे पीठ पसरावे, मग उरलेले मिसळून ओतावे. २५० ग्रॅम मैद्याला किंवा गव्हाच्या पिठाला ७५ ते १०० ग्रॅम बेदाणे पुरतात.

बेदाण्याच्या वजनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग साखर असतो, आणि ती मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज. ही साखर नेहमीच्या साखरेपेक्षा लवकर तांबूस होते आणि हवेतला ओलावाही धरून ठेवते. १०० ग्रॅम बेदाणे तेवढ्याच गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, पाण्यासकट वाटून केलेला चटणीसारखा गर नाचणीच्या किंवा गव्हाच्या केकात घातला तर साखर निम्मी करता येते आणि केक तीन-चार दिवस मऊ राहतो. ओव्हनची आच मात्र नेहमीपेक्षा १० अंशांनी कमी ठेवावी, नाहीतर वरचा पापुद्रा आत शिजण्याआधी काळवंडतो. ही युक्ती पौष्टिक म्हणून सांगितली जाते. साखर कोणत्या रूपात पोटात जाते एवढाच तो फरक आहे, आणि मधुमेह असलेल्यांनी बेदाणाही मोजूनच खावा.

यीस्टच्या पावाचा नियम वेगळा. मळताना सुरुवातीलाच बेदाणे घातले तर ते फुटतात, कणीक मळकट होते आणि सुटलेली साखर यीस्टचा वेग कमी करते. मळणे संपताना किंवा पहिल्यांदा फुगून झाल्यावर ते हलक्या हाताने घालावेत. पावाच्या पृष्ठभागावर आलेले बेदाणे भाजण्याआधी आत ढकलावेत, कारण उघडे राहिलेले आधी करपतात. अमेरिकेत ‘रेझिन ब्रेड’ म्हणून विकायचा पाव १०० भाग मैद्याला किमान ५० भाग बेदाणे असलेला हवा, असा नियम आहे. बेदाण्यात प्रोपियॉनिक आम्ल निसर्गतःच थोडे असते आणि ते बुरशीला आवरते, म्हणून काही बेकऱ्या बेदाण्याचा आटवलेला रस पाव टिकवण्यासाठी वापरतात. कुरकुरीत पदार्थांशी बेदाण्याचे जमत नाही. नानकटाईत घातला की चार दिवसांत ती मऊ पडते.

चिवड्यातही हीच ओढाताण असते. बेदाण्यातला ओलावा पोह्यांकडे सरकतो, पोहे नरम होतात आणि बेदाणा खड्यासारखा कडक. महिनाभर पुरवायचा चिवडा असेल तर बेदाणे वेगळे ठेवून वाढताना घालावेत. शिऱ्यासाठी ते तुपात परततात तेव्हा आतल्या पाण्याची वाफ होऊन ते टम्म फुगतात. त्याच क्षणी काढावेत, अर्ध्या मिनिटाच्या उशिराने कडवटपणा येतो. उकळत्या खिरीत न धुतलेले, न परतलेले बेदाणे टाकल्याने दूध नासण्याचा अनुभव अनेक घरांत आहे. द्राक्षातले टार्टारिक आम्ल वाळल्यावरही टिकून असते. खीर कोमट झाल्यावर घालणे सर्वांत सुरक्षित.

इतर फळांत खारीक ही सर्वांत कष्टाची. डिंकाच्या लाडवात तिची पूड जाते. केकासाठी ती रात्रभर भिजवून बी काढावी लागते. खजूर त्यापेक्षा सोयीचा. बारीक चिरून चिमूटभर सोडा घातलेल्या गरम पाण्यात ठेवला की साल विरघळल्यासारखी होते आणि केकाला गडद रंग येतो. पुरंदरचे अंजीर प्रसिद्ध असले तरी ते मुख्यतः ताजेच खाल्ले जाते. दोरीत ओवलेली सुकी अंजिरे बहुधा अफगाणिस्तानकडची असतात. जर्दाळू केशरी दिसला तर गंधक लावलेला, तपकिरी असेल तर न लावलेला. दिसायला कमी असला तरी चवीला तपकिरीच सरस. गंधकयुक्त फळांचा काही दमेकऱ्यांना त्रास होतो. सुकी क्रॅनबेरी मूळची फार आंबट असल्याने बाजारात साखर लावूनच येते, म्हणून पिठातली साखर कमी करावी. लाल-हिरवी टुटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई. तिला रंग आहे, आंबटपणा नाही, त्यामुळे बेदाण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

वसईच्या सुकेळ्याला बेकिंगमध्ये अजून हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, आणि ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. ती मधाच्या रंगाची, चिवट आणि दाट गोड होतात. बारीक तुकडे करून कोमट दुधात दहा मिनिटे ठेवले आणि वेलदोडा घातलेल्या रव्याच्या केकात मिसळले, तर खजुराची गरज भासत नाही.

बेदाणा घेताना मूठ दाबून पाहावी. गोळा होऊन चिकटला तर ओल जास्त, खडखडला तर जुना. वापरण्याआधी देठ निवडून धुवावा. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये हिरवा बेदाणा रंग टिकवतो, बाहेर काही महिन्यांत तपकिरी होतो. त्यावर पांढरे कण दिसले तर ती बहुतेक वेळा बाहेर आलेली साखर असते, गरम पाण्यात विरघळते. विरघळली नाही आणि कुबट वास आला तर टाकून द्यावा. अगदी लहान मुलांना तो अख्खा देऊ नये, घशात अडकतो. घरात कुत्रा असेल तर बेदाण्याचा केक त्याच्या तोंडापासून दूर ठेवावा. द्राक्ष आणि बेदाणा यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.