जपानी काष्ठठसाचित्रांतील मंदिरे व पॅगोडा

बौद्ध मंदिरे, त्यांची महाद्वारे आणि पाचमजली पॅगोडा यांची लाकडी ठशांवरून कागदावर छापलेली चित्रे. एदो शहरात (आजचे टोकियो) बहुरंगी छपाई १७६५ च्या सुमारास रुळली. मात्र मंदिर हा चित्राचा मुख्य विषय म्हणून लोकप्रिय झाला तो १९व्या शतकात, विशेषतः चित्रकार हिरोशिगे (१७९७–१८५८) यांच्यामुळे.

त्यांचे एदोच्या असाकुसा भागातील सेन्सो-जी मंदिराचे १८५६ मधील चित्र अवश्य पाहावे. वर दाराला टांगलेला प्रचंड लाल कंदील चौकटीनेच कापलेला आहे. त्याखालून बर्फाने झाकलेली वाट, पलीकडचे दार आणि उजवीकडे पॅगोडा दिसतो. १८५५ च्या भूकंपात या पॅगोडाचा धातूचा कळस वाकला होता. चित्रात तो सरळ आहे, म्हणून काही अभ्यासक या चित्राकडे दुरुस्तीची नोंद म्हणून पाहतात. तो पॅगोडा १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाला. आजचा १९७३ मधला आहे.

चित्रकार, ठसे कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशा चौघांच्या हातून चित्र तयार होई. ठसे चेरीच्या लाकडाचे, सहसा प्रत्येक रंगाला वेगळा. कागद दर वेळी नेमका बसावा म्हणून ठशावर खाचा ठेवत आणि पाठीमागून ‘बारेन’ नावाच्या चपट्या गोल साधनाने घासत. आकाशातला फिका होत जाणारा रंग ठशावरच ओल्या ब्रशने साधला जाई. छपरांवरचा बर्फ म्हणजे बहुधा रंग न लावलेला कोरा कागद. भुरभुरणारे कणही कोरणाऱ्याने ठशातून खोदून काढलेले असत. इतक्या कष्टाचे श्रेय चित्रावर सही करणाऱ्या एकट्याला मिळावे, हे अन्यायाचेच.

२०व्या शतकात प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी ही परंपरा ‘शिन-हांगा’ (नवी ठसाचित्रे) या नावाने पुन्हा उभी केली. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्यांचे ठसे आणि चित्रकार कावासे हासुई यांच्या रेखाटनवह्या नष्ट झाल्या. तरी हासुईंचे सर्वांत गाजलेले चित्र त्यानंतरचे, १९२५ चे: टोकियोच्या शिबा भागातील झोजो-जी मंदिराचे लाल महाद्वार, वाऱ्याने तिरपा झालेला बर्फ आणि छत्री सावरत निघालेली एक स्त्री. १६२२ मध्ये बांधलेले ते महाद्वार आजही उभे आहे.

चित्रकार योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) यांनी कारागीर स्वतःच्या देखरेखीखाली ठेवले. निक्को येथील तोशोगू देवस्थानाच्या योमेई दरवाजाच्या त्यांच्या चित्रासाठी ९६ वेळा छाप घ्यावा लागला. १९३०-३१ च्या भारतदौऱ्यानंतर त्यांनी ताजमहालासोबत अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांचीही ठसाचित्रे केली.