आरएच विसंगती

आईच्या तांबड्या रक्तपेशींवर ‘डी’ हे प्रतिजन (पेशीची ओळख पटवणारी खूण) नाही आणि पोटातल्या बाळाच्या पेशींवर मात्र आहे, अशा स्थितीला आरएच विसंगती म्हणतात. दवाखान्यात ती ‘बाई निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह’ (डी नसले की निगेटिव्ह, असले की पॉझिटिव्ह) एवढ्या शब्दांत ओळखली जाते, कारण डी प्रतिजनाचे जनुक अशा बाळाला वडिलांकडूनच मिळालेले असते. विसंगती म्हणजे आजार नव्हे. आईच्या शरीराने त्या परक्या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे त्याच्यावर हल्ला करणारी प्रथिने, तयार केली आणि ती वारेतून बाळापर्यंत पोचली, तरच बाळाच्या रक्तपेशी फुटू लागतात.

महाराष्ट्रात या विषयाभोवती एक हट्टी गैरसमज आहे. लग्नाच्या बायोडेटात उंची आणि नाडीच्या शेजारी रक्तगट लिहिलेला असतो, आणि मुलामुलीचा गट एकच निघाला की घरातली मोठी माणसे कुरकुर करतात. प्रत्यक्षात दोघांचा गट सारखा असण्याने काहीच बिघडत नाही. दोघेही बी पॉझिटिव्ह असोत वा दोघेही ओ निगेटिव्ह, आरएचचा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवतो फक्त बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असताना, आणि तेवढ्यावरून स्थळ नाकारण्याचे आज काहीही कारण उरलेले नाही. भारतात निगेटिव्ह गटाचे प्रमाण साधारण ५ टक्के, युरोपीय वंशाच्या लोकांत १५ टक्क्यांच्या आसपास, तर चीनमध्ये १ टक्क्याहूनही कमी आहे.

गरोदरपणात आई आणि बाळ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मिसळते ते मुख्यतः बाळंतपणात, वार सुटताना. गर्भपात, गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा, पोटावर बसलेला मार किंवा गर्भजल काढण्याची तपासणी यांतूनही बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात शिरू शकतात. आईचे शरीर त्यांची ओळख करून घेते, पण सावकाश. पहिल्यांदा तयार होणारी आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे आकाराने मोठी असतात, ती वार ओलांडू शकत नाहीत. पुढच्या खेपेला पॉझिटिव्ह बाळ राहिले की आयजीजी प्रकारची लहान प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात आणि वारेतून सहज पलीकडे जातात. म्हणूनच पहिले मूल बहुधा ठणठणीत, दुसऱ्याला कावीळ आणि तिसरे पोटातच दगावले, अशी क्रमवारी जुन्या बाळंतपणांच्या हकिकतींत दिसते. पहिलटकरणीला आधी चुकीचे रक्त चढवलेले असेल किंवा तिचा गर्भ पडलेला असेल, तर मात्र पहिल्या बाळालाही धोका असतो.

बाळाच्या पेशी फुटू लागल्या की त्याचे यकृत आणि प्लीहा नव्या पेशी बनवण्याच्या खटपटीत फुगतात. रक्तक्षय फार वाढला तर हृदय थकते आणि पोटात, छातीत, त्वचेखाली पाणी साठते. याला हायड्रॉप्स म्हणतात. त्यातून बाळ क्वचितच वाचत असे. पेशी फुटून तयार होणारे बिलिरुबिन पोटात असेपर्यंत वारेवाटे आईकडे जाते, त्यामुळे बाळ जन्मतः पिवळे दिसत नाही. नाळ कापल्यावर ही सोय संपते आणि पहिल्या २४ तासांतच कावीळ चढते. नवजात बाळांत नेहमी आढळणारी साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, म्हणून पहिल्या दिवशीची कावीळ पाहून अनुभवी परिचारिका लगेच सावध होते. बिलिरुबिन मेंदूत साठले तर कर्निक्टेरस होतो. त्यातून जगलेल्या मुलात बहिरेपण आणि हातापायांच्या अनावर हालचाली कायमच्या राहतात.

फ्रेंच सुईण लुईझ बुर्ज्वा हिने १६०९ मध्ये एका जुळ्यांची नोंद केली होती. त्यातले एक मूल पाण्याने फुगलेले होते, दुसरे पिवळे पडून मेले. ही दोन्ही एकाच आजाराची रूपे आहेत, हे उमगायला १९३२ साल उजाडावे लागले. दोष आईच्या प्रतिपिंडांचा आहे, हा तर्क १९३८ मध्ये रूथ डॅरो या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी मांडला. त्यांचे स्वतःचे बाळ याच आजाराने गेले होते. नेमके प्रतिजन त्यांना ओळखता आले नाही, पण दिशा बरोबर होती. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये फिलिप लेव्हिन आणि रुफस स्टेटसन यांनी एक प्रसंग नोंदवला : मृत बाळाला जन्म दिलेल्या बाईला नवऱ्याचे रक्त चढवले आणि तिला तीव्र प्रतिक्रिया आली. १९४० मध्ये लँडस्टायनर व वीनर यांनी ऱ्हीसस माकडाचे रक्त सशांना टोचून जी प्रतिपिंडे मिळवली, त्यांवरून ‘आरएच’ हे नाव पडले. गंमत अशी की ती प्रतिपिंडे पुढे वेगळ्याच प्रतिजनाविरुद्धची निघाली. बिचाऱ्या माकडाचा या आजाराशी तसा संबंध नाही, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

उपचारही टप्प्याटप्प्यानेच आले. १९४० च्या दशकात नवजात बाळाचे रक्त थोडे थोडे काढून त्याजागी निगेटिव्ह रक्त भरण्याची पद्धत रुळली. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात उन्हात नेलेल्या बाळांची त्वचा कमी पिवळी दिसते, हे सिस्टर जीन वॉर्ड यांच्या नजरेस आले आणि १९५८ मध्ये निळ्या प्रकाशाच्या उपचाराचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. आज तालुक्याच्या रुग्णालयातही बाळाला ‘लाइटखाली ठेवतात’, ते यातूनच. पोटातल्या बाळाला रक्त देण्याचे धाडस १९६३ मध्ये ऑकलंड येथे विल्यम लायली यांनी केले.

खरी कलाटणी मिळाली ती प्रतिबंधामुळे. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचे असेल तर आरएचचा त्रास कमी होतो, हे लेव्हिन यांनी पाहिले होते. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात येताच तिथे आधीच असलेली ए-बीविरुद्धची प्रतिपिंडे त्यांचा फडशा पाडतात आणि डी प्रतिजनाची ओळख होण्याआधीच प्रकरण मिटते. मग हेच काम बाहेरून टोचलेल्या अँटी-डी प्रतिपिंडांनी का करू नये, असा विचार लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क व रोनाल्ड फिन यांनी केला. क्लार्क मूळचे फुलपाखरांच्या अनुवंशिकतेत रमलेले गृहस्थ. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक यांनी सिंग सिंग तुरुंगातल्या निगेटिव्ह कैद्यांना पॉझिटिव्ह रक्त टोचून प्रयोग केले. आजच्या नैतिक निकषांवर असा प्रयोग टिकणे अवघड आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत अँटी-डी वापरात आले.

काहीही न करता पॉझिटिव्ह बाळ झाले तर सुमारे १६ टक्के निगेटिव्ह स्त्रियांत प्रतिपिंडे तयार होतात. बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी दिल्यास हे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत येते, आणि २८ व्या आठवड्यालाही एक इंजेक्शन दिल्यास ०.२ टक्क्यापर्यंत. ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिली रक्ताला पुरते. बाळ निगेटिव्ह निघाले तर प्रसूतीनंतरच्या इंजेक्शनची गरज नाही. आईत प्रतिपिंडे आधीच तयार झालेली असतील तर त्याचा उपयोगच नाही, म्हणून आधी आईच्या रक्तात ती आहेत का हे पाहणारी आयसीटी ही तपासणी करतात.

आयसीटी पॉझिटिव्ह आली तर प्रतिपिंडांचे प्रमाण वारंवार मोजतात. ते १:१६ किंवा १:३२ पर्यंत चढले की सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या एका रोहिणीतील रक्ताचा वेग पाहतात. रक्त पातळ झाले की तो वाढतो. २००० च्या आसपास ही पद्धत सिद्ध झाल्याने गर्भजलात वारंवार सुई घालणे टळले. रक्तक्षय तीव्र असेल तर सोनोग्राफीत पाहत नाळेच्या शिरेत ओ निगेटिव्ह घट्ट रक्त सोडतात. हे काम मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांतच होते, आणि खेड्यातल्या बाईला दर दोन-तीन आठवड्यांनी तिथवर नेणे हीच घरच्यांची खरी परीक्षा असते.

अडचण उपचारापेक्षा नोंदीत जास्त आहे. पहिल्या तपासणीतच रक्तगट माता-बाल संरक्षण कार्डावर चढतो आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला भरणाऱ्या सुरक्षित मातृत्व अभियानाच्या शिबिरांतही तो तपासला जातो. निसटतात त्या कार्ड निघण्याआधीच घरी गोळ्या घेऊन गर्भ पाडलेल्या, किंवा उशिरा गर्भ पडूनही कोणाला न सांगितलेल्या स्त्रिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार १२ आठवड्यांच्या आतील गर्भपातानंतर अँटी-डी आवश्यक नाही. त्यापुढच्या गर्भपातात मात्र ते चुकवणे पुढच्या बाळाला भोवू शकते.

हे औषध माणसाच्याच रक्तद्रवातून काढतात, आणि त्यात एक पेच आहे. प्रतिबंध यशस्वी झाल्याने प्रतिपिंडे असलेल्या स्त्रिया दुर्मीळ झाल्या, म्हणून निगेटिव्ह पुरुष स्वयंसेवकांना मुद्दाम पॉझिटिव्ह पेशी टोचाव्या लागतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे मुबलक होती. २०१८ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी थांबेपर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केले.

डीखेरीज ‘सी’ किंवा केल यांसारख्या इतर प्रतिजनांमुळेही बाळाच्या पेशी फुटू शकतात, आणि त्यांच्यासाठी असे इंजेक्शन नाही. १९५२ मध्ये डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या स्त्रियांची गोष्ट तर आणखी निराळी. त्यांच्या रक्तात जवळजवळ सगळ्या माणसांच्या पेशींवर असणाऱ्या एच प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे असतात, आणि बाळंतपणात रक्त लागलेच तर ओ निगेटिव्हही चालत नाही. अशा दुर्मीळ गटांच्या तपासण्या परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतात. त्या स्त्रीला लागणारे रक्त तिच्याच गटाच्या दात्याकडून, बाळंतपणाच्या तारखेआधी शोधून ठेवावे लागते.