मांडीवरचं बाळ गाडीत सुरक्षित नसतं

लांबच्या प्रवासात बाळाला मांडीवर घट्ट धरलं की पुरे, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती चुकीची आहे. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 8 किलोच्या बाळाला धरून ठेवायला शंभर किलोहून जास्त वजन पेलण्याइतका जोर लागतो. एवढी ताकद कुणाच्याच हातात नसते. दोघांना मिळून एकच पट्टा लावणं तर आणखी घातक, कारण मोठ्या माणसाचा सगळा भार बाळावर येतो.

कार सीटच हवी, म्हणजे गाडीच्या आसनावर बांधायची, स्वतःचे पट्टे असलेली बाळाची वेगळी खुर्ची. मागच्या आसनावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. मग धक्का पाठ, मान आणि डोकं यांवर पसरतो. चालू एअरबॅगसमोर अशी सीट कधीही लावू नका. गाडीचा पट्टा सीटमधून जिथून जातो, तिथे सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळा. बाळाच्या खांद्यावरच्या पट्ट्याची घडी चिमटीत धरता येत असेल, तर तो सैल आहे. जाड स्वेटर धक्क्यात दबतो आणि पट्टा ढिला पडतो, म्हणून पांघरूण पट्ट्यांवरून घाला.

बाळ झोपलंय म्हणून न थांबता गाडी दामटू नका. हनुवटी छातीला टेकली की श्वास अडू शकतो. जवळ कुणीतरी बसावं, निदान दर दोन तासांनी बाळाला बाहेर घ्यावं, तान्ह्याला त्याहून लवकर. दूध पाजायचं असेल तर आधी गाडी थांबवा, मगच पट्टा सोडा.