शार्क संशोधन आणि संवर्धन

शार्क माशांचे वय, प्रजनन, वर्तन, स्थलांतर व अन्नसाखळीतील स्थान यांचा अभ्यास आणि त्या आधारे त्यांच्या मासेमारीवर व व्यापारावर घातली जाणारी बंधने अशा दोन अंगांनी हे सागरी जीवशास्त्राचे क्षेत्र वाढले आहे. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊतीचा) असतो. त्यांच्या ५०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांत वीतभर लांबीच्या खोल पाण्यातील जाती आहेत, तसाच १२ मीटरहून मोठा होणारा, गाळून खाणारा व्हेल शार्कही आहे. या कुळाचा वंश ४० कोटी वर्षांहून जुना आहे. इतक्या दीर्घ काळात तगून राहिलेले हे प्राणी अवघ्या अर्धशतकाच्या मासेमारीने खचले. त्याचे मूळ त्यांच्या संथ आयुष्यक्रमात आहे, आणि हा संथपणा मोजून दाखवणे हेच या क्षेत्राचे सर्वांत मोलाचे काम ठरले आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शार्कविषयीची बरीचशी माहिती मेलेल्या माशांच्या विच्छेदनातून किंवा हल्ल्यांच्या नोंदींतून मिळत असे. जिवंत शार्कचा पद्धतशीर अभ्यास रुजवणाऱ्यांत अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ युजिनी क्लार्क (१९२२–२०१५) यांचे नाव अग्रभागी येते. त्यांनी १९५५ मध्ये फ्लॉरिडात केप हेझ सागरी प्रयोगशाळा सुरू केली. तीच पुढे मोट सागरी प्रयोगशाळा म्हणून नावारूपाला आली. तेथे त्यांनी लेमन शार्कना पाण्यातील फळीवर नाकाने ढकलले की खाणे मिळते हे शिकवले. काही आठवडे खंड पडल्यावरही ते शार्क हा धडा विसरले नाहीत. शार्क म्हणजे केवळ भुकेवर चालणारे निर्बुद्ध यंत्र, या समजाला या प्रयोगाने तडा दिला. १९७० च्या दशकात त्यांनी मेक्सिकोतील इस्ला मुहेरेस बेटाजवळच्या पाण्याखालील गुहांत तळाशी स्वस्थ पडून राहिलेल्या शार्कचा अभ्यास केला. सतत पोहत राहिले नाही तर गुदमरतात असे ज्यांच्याबद्दल मानले जाई, त्याच गटातील ते शार्क होते. तांबड्या समुद्रातील एका चपट्या माशाचा स्राव शार्कना दूर ठेवतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

ज्ञानेंद्रियांच्या अभ्यासाचा धागा याहून जुना आहे. शार्कच्या तोंडाभोवतालच्या चिकट द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नळ्यांचे वर्णन इटलीच्या स्तेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ मध्ये केले होते. मात्र या नळ्यांद्वारे शार्क भक्ष्याच्या शरीरातील अतिक्षीण विद्युतक्षेत्र ओळखतात आणि वाळूत दडलेला मासाही हेरतात, हे प्रयोगाने सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

वयनिश्चिती हा या क्षेत्राचा कणा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे काम वाटते, पण संवर्धनाचा प्रत्येक निर्णय शेवटी त्यावर येऊन टेकतो. अस्थियुक्त माशांचे वय त्यांच्या कानातील टणक खड्यांवरच्या वलयांवरून काढतात. शार्कमध्ये असे खडे नसल्याने मणक्याचा पातळ काप घेऊन त्यातील फिकट व गडद पट्ट्यांच्या जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजाव्या लागतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष, हे गृहीतक तपासायला एक अनपेक्षित साधन हाती आले. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील आणि पुढे समुद्रातील कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) चे प्रमाण एकाएकी वाढले. त्या काळात तयार झालेल्या पट्ट्यात ही वाढ नोंदली गेलेली असते, त्यामुळे तो पट्टा कोणत्या वर्षांतला हे सांगता येते. तपासणीत असे आढळले की म्हाताऱ्या शार्कमध्ये पट्टे इतके दाट होतात, किंवा उमटायचेच थांबतात, की नुसत्या मोजणीत वय बरेच कमी भरते. पांढऱ्या शार्कचे आयुष्य पूर्वी पंचविशीच्या आसपास धरले जात असे. वायव्य अटलांटिकमधील एका नराचे वय ७३ वर्षांच्या घरात असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रीनलँड शार्कच्या मणक्यात मोजण्याजोगे पट्टेच नसतात. त्यांच्या बाबतीत डोळ्याच्या भिंगाच्या जन्मापूर्वी तयार झालेल्या गाभ्यातील कार्बन-१४ तपासण्यात आला. २०१६ च्या त्या अभ्यासात सर्वांत मोठ्या मादीचे वय किमान २७२ वर्षे निघाले, आणि माद्या सुमारे १५० व्या वर्षी प्रजननक्षम होतात असा अंदाज बांधण्यात आला.

प्रजननाची गतीही अशीच धिमी आहे. काटेरी मुशी या लहान शार्कची गर्भावस्था दोन वर्षांच्या जवळपास जाते. सँड टायगर शार्कच्या दोन गर्भाशयांत सुरुवातीला अनेक भ्रूण असतात. प्रत्येक गर्भाशयात सर्वांत आधी वाढलेला भ्रूण इतरांना खाऊन टाकतो, म्हणून एका वेतात दोनच पिल्ले जन्मतात. अशा जातीची मासेमारी तारलीसारख्या भरभर वाढणाऱ्या माशाच्या हिशेबाने केली की काय होते, हे पोरबीगल शार्कच्या उदाहरणातून दिसले. वायव्य अटलांटिकमध्ये १९६१ मध्ये नॉर्वेच्या नौकांनी त्याची जोरदार मासेमारी सुरू केली आणि सहा-सात वर्षांतच ती कोसळली.

स्थलांतराच्या अभ्यासात आरंभी क्रमांक कोरलेली खूणचिठ्ठी शार्कच्या पराला (पोहण्याच्या पंखासारख्या अवयवाला) अडकवून त्याला सोडून देत आणि तो पुन्हा सापडण्याची वाट पाहत. आता ठरलेल्या वेळी आपोआप सुटून पृष्ठभागावर येणारे आणि उपग्रहाकडे माहिती पाठवणारे टॅग वापरतात. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर २००३ मध्ये टॅग लावलेली ‘निकोल’ ही पांढरी शार्क मादी ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन नऊ महिन्यांत परतली. हा प्रवास २०,००० किलोमीटरहून अधिक होता. एका देशाने आपल्या पाण्यात दिलेले संरक्षण अशा प्राण्याला पुरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. उलट बहामातील बिमिनी बेटांवरील दीर्घकालीन अभ्यासात लेमन शार्क माद्या आपल्या जन्मस्थळीच विण्यासाठी परततात, असे आनुवंशिक तपासणीतून सिद्ध झाले. म्हणजे खारफुटीतला एखादा लहानसा भाग नष्ट झाला, तरी त्याच्याशी बांधलेल्या माद्यांची पुढची पिढी धोक्यात येते. व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी प्रत्येकात वेगळी असते. ती छायाचित्रांतून जुळवण्यासाठी आकाशातील ताऱ्यांचे नकाशे जुळवण्याची गणिती पद्धत वापरली जाते.

शार्क नाहीसे झाल्यास समुद्राचे काय होते, या प्रश्नावर मात्र जपून बोलावे लागते. मोठे शार्क घटल्याने पाकट माशांची (शार्कच्या चपट्या नातलगांची) संख्या वाढली आणि त्यांनी शिंपल्यांचे साठे फस्त केले, असा निष्कर्ष २००७ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याविषयी मांडला गेला. तो फार गाजला, पण २०१६ मधील फेरतपासणीत ही साखळी टिकली नाही. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील पुरावा अधिक भक्कम आहे. तेथे टायगर शार्कच्या भीतीने ड्युगाँग (समुद्रगवत चरणारा सस्तन प्राणी) व कासवे धोक्याच्या जागी कमी चरतात, त्यामुळे समुद्रगवताची राखण होते. संवर्धनाच्या कळकळीपोटी कच्चे दावे पुढे रेटणे शार्कच्या हिताचे नाही. ते खोडले गेले की खऱ्या धोक्यावरचाही विश्वास उडतो.

तो धोका पुरेसा मोजला गेला आहे. १९७० ते २०१८ या काळात खुल्या समुद्रातील शार्क व पाकट माशांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली आणि शार्क, पाकट व त्यांच्या नातलग जातींपैकी एक-तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत, असे २०२१ मधील दोन अभ्यासांत दिसून आले. ५८ देशांतील ३७१ प्रवाळभित्तींवर आमिषासह कॅमेरे ठेवून केलेल्या पाहणीत (२०२०) सुमारे एक-पंचमांश भित्तींवर एकही शार्क दिसला नाही. उलट माणसाला शार्कपासून किती धोका आहे हे पाहिले तर, माणसावर विनाकारण झालेल्या शार्कच्या चाव्यांच्या जगभरातील नोंदी वर्षाला शंभराच्या आतच असतात.

कायदेशीर उपायांत पलाऊने २००९ मध्ये जाहीर केलेले शार्क अभयारण्य आणि धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा ‘साइटिस’ करार हे महत्त्वाचे टप्पे होत. या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात (ज्यांचा व्यापार परवान्यानेच करता येतो अशा जातींच्या यादीत) २००२ मध्ये व्हेल शार्क व बास्किंग शार्क, २०१३ मध्ये हातोडी शार्कच्या काही जाती आणि २०२२ मध्ये ज्यांचे पर बाजारात मोठ्या प्रमाणावर येतात ते रिक्वीम शार्कचे अख्खे कुळ समाविष्ट झाले. पर कापून धड समुद्रात फेकण्याच्या क्रूर प्रथेवर अनेक देशांनी बंदी घातली, ही योग्यच गोष्ट झाली. पण ती पुरी पडली नाही. २०१२ ते २०१९ या काळात असे कायदे झपाट्याने वाढले, तरीही मासेमारीत मरणाऱ्या शार्कची वार्षिक संख्या ७.६ कोटींवरून ८ कोटींवर गेली, असा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. धड किनाऱ्यावर आणण्याची सक्ती झाली तेव्हा मांसालाही बाजार मिळाला. शिवाय ट्यूनासाठी टाकलेल्या लांब दोरीच्या गळांना आणि जाळ्यांना नकळत लागणारे शार्क अशा बंदीने वाचत नाहीत. त्यांच्यासाठी पकडीची कमाल मर्यादा ठरवणे, गळाला जोडलेली पोलादी तार वर्ज्य करणे (नायलॉनची दोरी शार्क दातांनी तोडून सुटू शकतो) आणि पिल्लांच्या वाढीची उथळ पाणथळ क्षेत्रे हंगामात बंद ठेवणे असे उपाय करावे लागतात. बंदरात उतरलेल्या सुकलेल्या परांची जात डीएनए तपासणीने ओळखता येते, पण ती करण्याची सोय व प्रशिक्षित माणसे जेथे शार्क सर्वाधिक उतरवले जातात अशा अनेक बंदरांत आजही अपुरी आहेत.