श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम: "दमवू नका" आणि "रोज करा" ही दोन उत्तरं आली कुठून

डुशेन, एएलएस, पॉम्पे, मायस्थेनिया असला स्नायू कमजोर करणारा एखादा आजार निघाला की घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, श्वासाचा व्यायाम करून घ्यायचा का? आणि उत्तरं मिळतात दोन, एक जण म्हणतो स्नायू आधीच कमजोर आहेत त्यांना अजिबात दमवू नका, दुसरा म्हणतो रोज करा. बिचारे घरचे गोंधळतात. माझ्या मते दोन्ही उत्तरांमागं खरी कारणं आहेत, फक्त ती वेगवेगळ्या काळातून आलीत.

सुरुवात पोलिओपासून करावी लागते. 1928 साली बॉस्टनमध्ये ड्रिंकर आणि शॉ यांचं आयर्न लंग, म्हणजे मानेखालचं शरीर आत ठेवून हवेच्या दाबानं श्वास चालवणारं पेटीसारखं मशीन, पहिल्यांदा पेशंटसाठी वापरलं गेलं आणि त्यानंतर श्वासाचे स्नायू गेलेली माणसं जगायला लागली, पण मशीनच्या आत झोपून. मग 1951 मध्ये क्लॅरेन्स डेल या डॉक्टरांनी पोलिओच्या पेशंटमधली एक युक्ती नोंदवली, ज्याला पुढं बेडकासारखा श्वास असं नाव पडलं. तोंडात हवा घ्यायची, ओठ मिटायचे, जिभेनं ती हवा मागं ढकलून घशातून आत सारायची, परत पुढचा घोट, असे दहा-बारा घोट झाले की एक श्वास. छातीचे स्नायू जवळजवळ बंद असताना माणूस काही वेळ मशीनबाहेर राहू शकायचा! याला स्नायूंची ताकद वाढवणं म्हणता येणार नाही, पण श्वास शिकवता येतो हे तिथं दिसलं.

भीतीचं मूळही त्याच काळातलं. 1958 मध्ये बेनेट आणि नोल्टन यांनी लिहिलं की ज्या स्नायूची नस अर्धवट गेलीय त्याला जास्त राबवलं तर तो आणखी कमजोर होऊ शकतो. मग 1987 मध्ये डिस्ट्रोफिन सापडलं, हे प्रोटीन नसलं की स्नायूच्या पेशीचं आवरण ताणाखाली फाटतं हे पुढं कळलं, आणि डुशेनमध्ये नेमकं तेच नसतं. म्हणजे "दमवू नका" म्हणणारे उगाच घाबरत नव्हते.

दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं तर मोजमाप. 1969 मध्ये ब्लॅक आणि हायट यांनी तोंडाशी दाब मोजायची सोपी पद्धत पक्की केली, पूर्ण जोर लावून आत ओढायचं, पूर्ण जोर लावून फुंकायचं, आणि नळीला मुद्दाम एक बारीक भोक, म्हणजे गालाच्या जोरावर आकडा फुगवता येत नाही. 1971 मध्ये त्यांनी तेच न्यूरोमस्क्युलर, म्हणजे नसा-स्नायूंचे आजार असलेल्या पेशंटमध्ये वापरलं. मग 1976 ला लीथ आणि ब्रॅडली यांनी धडधाकट माणसांकडून 5 आठवडे सराव करून घेतला आणि ताकदीचा सराव करणाऱ्यांचा दाब साधारण 55 टक्क्यांनी वाढला. श्वासाचा स्नायूही शेवटी स्नायूच, दंडासारखा, हे त्यातून ठसलं.

आता यंत्राची गोष्ट, ती मला फार महत्त्वाची वाटते. या व्यायामाच्या सुरुवातीच्या डब्या म्हणजे नुसतं लहान भोक, त्यातून श्वास ओढायचा, पण त्यात हळू ओढलं की ओझं आपोआप कमी होतं आणि पेशंट नकळत हळूच ओढतो, म्हणजे व्यायाम झाला असं वाटतं पण झालेला नसतो. 1982 मध्ये निकरसन आणि कीन्स यांनी वजन ठेवलेली झडप वापरली, ठराविक दाब ओढल्याशिवाय ती उघडतच नाही. आजची स्प्रिंगवाली प्लास्टिकची नळी त्याच कल्पनेची, नाकाला क्लिप लावायची, ओढायचं, झडप उघडली की हवा आत. जोर कमी पडला तर हवा येतच नाही, लपवाछपवीला जागा नाही.

ऐंशीच्या दशकात डुशेनच्या मुलांवर छोटे छोटे अभ्यास झाले, निकाल उलटसुलट. माझ्या दृष्टीनं खरा खुलासा 1994 चा, व्हिएन्नात वांके आणि सहकाऱ्यांनी 15 मुलांना 6 महिने ट्रेनिंग दिलं, 10 जणांत सुधारणा दिसली, 5 जणांत नाही, आणि त्या पाचही जणांची व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त बाहेर सोडता येणारी हवा) अपेक्षेच्या 25 टक्क्यांखाली गेलेली होती किंवा रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 45 mmHg च्या वर. म्हणजे आजार कोणत्या टप्प्यावर आहे यावर सगळं अवलंबून, इतका साधा मुद्दा पण आधीच्या भांडणात तो हरवलेला.

2019 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, सगळे मिळून 11 अभ्यास आणि 250 माणसं भरली, बहुतेक डुशेन आणि एएलएसची. फुफ्फुसाची क्षमता आणि ताकद काही जणांत थोडी वाढू शकते, पण पुराव्याची खात्री कमी, असं त्यात आहे. इतक्या वर्षांत 250 माणसं, हे वाचून मला खरंच वाईट वाटतं. दरम्यान एएलएसमध्ये लक्ष फुंकण्याच्या स्नायूंकडेही वळलंय, कारण कफ बाहेर काढायला जोरदार खोकला लागतो, आणि तिथं झडप उलटी, हवा बाहेर फुंकताना उघडणारी. ओझं मात्र पेशंटच्या स्वतःच्या मोजलेल्या दाबाच्या टक्केवारीत ठरवतात, शेजारच्या पेशंटचा आकडा इथं चालत नाही.